गाठ काढायची की पिशवी?

धरणगाव, एरंडोल, पारोळा या पट्ट्यात चार बायका निवांत बसल्या की तब्येतीचा विषय निघतोच, आणि त्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तिला गाठ होती, पिशवी काढली.’ ऐकणारी मान हलवते आणि बोलणे पुढे सरकते. गाठ निघाली म्हणजे पिशवी जाणारच, अशी आपल्या घरांत जणू समजूतच झाली आहे. प्रत्यक्षात गाठ काढणे आणि गर्भपिशवी काढणे ही दोन वेगळी ऑपरेशने आहेत. कोणत्या बाईला कोणते लागेल, किंवा दोन्हींपैकी एकही लागणार नाही, हे ठरवायला थोडी माहिती आणि थोडा धीर हवा. या महिन्यात आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत. हे पान बहिणींसाठी आहेच, पण त्यांच्या नवऱ्यांनी, मुलांनी आणि सासूबाईंनीही वाचावे, कारण निर्णय बहुतेक वेळा त्यांच्यासमोर आणि त्यांच्या तोंडून होतो.

ही गाठ म्हणजे काय

गर्भपिशवी ही स्नायूंची बनलेली असते. त्या स्नायूतच कधी कधी घट्ट गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला फायब्रॉइड म्हणतात. तो वाटाण्याएवढा असू शकतो, लिंबाएवढा असू शकतो, आणि कधी नारळाएवढाही वाढतो. एकच असतो किंवा एकाच पिशवीत पाच-सातही असतात. पन्नाशी येईपर्यंत अर्ध्याहून जास्त बायकांच्या पिशवीत लहान-मोठी गाठ झालेली असते, आणि त्यांतील बऱ्याच जणींना तिचा पत्ताही लागत नाही. पाळी बंद झाली की बहुतेक गाठी आपोआप आकसतात.

‘गाठ’ हा शब्द ऐकला की मनात कॅन्सर येतो. पण फायब्रॉइड ही कॅन्सरची गाठ नव्हे, आणि ती पुढे कॅन्सरची होईल असे म्हणून पिशवी काढायला सांगणे हेही बरोबर नाही. क्वचित एखादा कॅन्सर फायब्रॉइडसारखा दिसतो, म्हणून तपासणी नीट व्हायला हवी. पाळी बंद झाल्यानंतर गाठ वाढत असेल किंवा रक्त जात असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

त्रास होईल की नाही हे गाठीच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर जास्त अवलंबून असते. पिशवीच्या आतल्या अस्तराला लागून असलेली बोराएवढी गाठसुद्धा भरपूर रक्तस्राव करते आणि दिवस राहायला अडथळा आणते. पिशवीच्या जाड भिंतीत असलेली गाठ पाळीत दुखणे व जास्त रक्त जाणे असा त्रास देते. बाहेरच्या बाजूला वाढलेली गाठ पुष्कळ मोठी होईपर्यंत गप्प राहते, मग लघवीच्या पिशवीवर किंवा आतड्यावर दाब आणते. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फक्त ‘पाच सेंटिमीटर’ एवढे वाचून घाबरू नका. गाठ कुठे आहे, हे डॉक्टरांना कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा.

सोनोग्राफीविषयी एक अडचण अनेक घरांत येते. लग्न न झालेल्या मुलीची तपासणी खालून करायची म्हटले की आई तिला घेऊन परत येते आणि मग वर्षभर त्या वाटेला जात नाही. अशा मुलीची सोनोग्राफी लघवी भरून पोटावरून करता येते. तसे आधीच सांगावे, पण तपासणी टाळू नये.

दिवस मोजण्याची सवय

आपल्या घरांतील बायका एक गोष्ट काटेकोर करतात : पाळीचे दिवस मोजतात. नमाज कधी थांबवायची आणि गुस्ल करून पुन्हा कधी सुरू करायची, रमजानचे किती रोजे राहिले, हे त्यावरच ठरते. हनफी फिकहप्रमाणे हैजची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस. कोकणातील शाफई घरांत ती जास्तीत जास्त पंधरा दिवस धरतात. त्यापुढे जे रक्त जाते ते इस्तिहाजा, आणि त्यात नमाज सुटत नाही. हा मसला बहुतेक जणींना माहीत असतो. पण रक्त मुदतीबाहेर का जात आहे, हा प्रश्न तिथेच राहून जातो. नमाजचे उत्तर आलिमांकडे मिळते, रक्ताच्या कारणाचे उत्तर डॉक्टरांकडे. दोन्हीकडे विचारायला हवे.

विचारण्यात लाज कसली? हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांचे रक्त थांबत नव्हते, तेव्हा त्यांनी थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांनाच विचारले, आणि ती हदीस आजवर सांगितली जाते. आपल्याकडे मात्र बाई आपल्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. दुखणे अंगावर काढते.

डॉक्टरांच्या हिशेबाने पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालणे, तासा-दोन तासाला पॅड किंवा कपडा बदलावा लागणे, मोठ्या गाठी पडणे, रात्री उठून कपडे बदलावे लागणे, ही जास्त रक्त जाण्याची लक्षणे आहेत. तुम्ही दिवस मोजताच, मग ते वहीत लिहून ठेवा. कोणत्या तारखेला सुरू झाली, किती दिवस चालली, सर्वांत जास्त गेले त्या दिवशी किती कपडे लागले, एवढे तीन महिने लिहिले तरी पुरे. ‘फार जाते’ या दोन शब्दांपेक्षा अशी वही डॉक्टरांना खूप जास्त सांगते.

त्याबरोबर हिमोग्लोबिन तपासा. बाईचे हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळले. जिना चढताना धाप लागणे, कापूस वेचताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, चक्कर येणे याला आपण ‘अशक्तपणा’ म्हणतो आणि टॉनिकची बाटली आणतो. नळ गळत असताना टाकीत पाणी भरण्यासारखेच ते आहे. लोहाच्या गोळ्या जरूर घ्याव्यात, चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, पण रक्त कुठून जाते हेही शोधावे.

ऑपरेशनच्या आधीच्या पायऱ्या

त्रास नसेल तर गाठीला काहीही करावे लागत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सोनोग्राफी करून पाहायची, एवढेच. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून धावतपळत ऑपरेशन करून घ्यायचे कारण नाही.

रक्त जास्त जात असेल तर आधी औषधे असतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांत रक्त कमी करतात. ज्यांच्या पिशवीच्या आतली पोकळी फार वाकडी झालेली नाही, अशा काही जणींना तांबीसारखे पण हार्मोन असलेले साधन आत बसवल्याने वर्षानुवर्षे आराम मिळतो. गाठ तात्पुरती लहान करणारी इंजेक्शनेही आहेत. ती काही महिनेच देतात, बहुधा ऑपरेशनपूर्वी रक्त भरून येण्यासाठी. आणखी एक मार्ग म्हणजे मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करणे. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये तो जगापुढे मांडला. पुढे मूल हवे असणाऱ्या बाईला मात्र तो सहसा सुचवत नाहीत, आणि ही सोय मोठ्या शहरांतच सापडते.

औषधांनी भागले नाही, गाठ दाब आणत असेल किंवा मूल राहण्यात अडथळा करत असेल, तर ऑपरेशनचा विचार येतो. आणि इथेच विचारायचे : गाठ काढणार की पिशवी?

दुर्बिणीने गाठ कशी काढतात

आपल्या गावांत ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ हा शब्द कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून आला. तिथे दुर्बिणीने नळ्या बंद करायला काही मिनिटे लागतात. म्हणून गाठीचे दुर्बिणीचे ऑपरेशनही तसेच सोपे असेल असे लोकांना वाटते. ते तसे नाही.

दुर्बिणीची ही वाट फार जुनी नाही. जर्मनीतील कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांच्याच व्यवसायातील लोकांनी त्यांना नावे ठेवली. आपल्याकडे ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातील ते पहिले. जे. जे. हे सरकारी रुग्णालय. हातावर पोट असलेला माणूस लवकर कामावर परत जातो, म्हणून ही पद्धत गरिबासाठीच जास्त मोलाची आहे, असे डॉ. उडवाडिया आयुष्यभर मांडत राहिले.

गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत असेल तर पोटाला छेदही घ्यावा लागत नाही. बारीक दुर्बीण नैसर्गिक वाटेने आत नेतात आणि गाठ आतूनच तासून काढतात. बहुतेक बायका त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात.

गाठ भिंतीत किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर पोटातून जावे लागते. पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ आणि खाली दोन-तीन ठिकाणी अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे छेद घेतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, एका छेदातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून अवजारे आत जातात. डॉक्टर पडद्यावर पाहत पिशवीचा स्नायू चिरतात, गाठ कांद्यासारखी सोलून बाहेर काढतात, आणि मग पिशवीला थरावर थर टाके घालतात. खरे कसब या टाक्यांत आहे. हे टाके भक्कम नसतील तर पुढच्या गरोदरपणात पिशवीवर ताण येऊन धोका होऊ शकतो. म्हणून ‘बिनटाक्याचे’ हे फक्त बाहेरून पाहणाऱ्यासाठी. आत टाके असतातच, आणि असायलाच हवेत.

पोट उघडून ऑपरेशन केले की दहा-बारा सेंटिमीटरची जखम असते, काही दिवस दवाखान्यात आणि पुढे सहा आठवडे जपून राहावे लागते. दुर्बिणीच्या ऑपरेशनानंतर दुखणे कमी, रक्त कमी, एक-दोन दिवसांत घर, आणि दोन ते चार आठवड्यांत साधी कामे सुरू. पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो. तो पोटातल्या वायूमुळे, घाबरू नये. पण बाहेर छिद्रे लहान दिसतात म्हणून चौथ्या दिवशी तिच्या डोक्यावर पाण्याचा हंडा देऊ नका. आतली जखम तेवढीच ताजी असते.

प्रत्येक गाठीला ही पद्धत चालत नाही. गाठी फार असतील, एखादी फार मोठी असेल, आधीच्या ऑपरेशनांनी पोटात आतडी चिकटलेली असतील, तर पोट उघडणेच जास्त सुरक्षित. दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच उघडून करावे लागू शकते, आणि ते डॉक्टरांचे अपयश नसते. ज्या डॉक्टरांचा हात उघड्या ऑपरेशनात तयार आहे, त्यांच्याकडे हट्टाने दुर्बीण मागू नये.

एक धोका मुद्दाम सांगतो. मोठी गाठ लहान छेदातून बाहेर काढायला तिचे यंत्राने तुकडे करतात. ती गाठ म्हणजे लपलेला कॅन्सर असेल, तर तुकड्यांबरोबर तो पोटभर पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याबाबत इशारा दिला. फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे ३५० बायकांत एकीला असा लपलेला कॅन्सर असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. २०२० मध्ये त्यांनी सांगितले की तुकडे करायचेच असतील तर ते पोटात सोडलेल्या बंद पिशवीत करावेत. म्हणून विचारा : ‘गाठीचे तुकडे कसे करणार, पिशवीत का?’ आणि काढलेली गाठ तपासणीला पाठवून तिचा रिपोर्ट फाइलमध्ये लावून घ्या.

गाठ काढल्यावर पिशवी राहते, पाळी राहते आणि मूल होण्याची शक्यता राहते. काही जणींना पुढच्या वर्षांत नव्या गाठी होतात, हेही खरे. दिवस राहू देण्यापूर्वी तीन ते सहा महिने थांबायला सांगतात, आणि बाळंतपण अनेकदा सिझेरियनने करतात. त्यावेळच्या डॉक्टरांना हे ऑपरेशन झाले आहे, हे सांगायला विसरू नये.

पिशवी काढण्याचा निर्णय

पिशवी काढणे नेहमीच चुकीचे, असे आम्ही म्हणत नाही. मुले झालेली आहेत, गाठी पुष्कळ आहेत, औषधे करून झाली, हिमोग्लोबिन वारंवार खाली जाते, अशा बाईला त्या ऑपरेशनने सुटका मिळते. हेही ऑपरेशन दुर्बिणीने होऊ शकते. पण ते शेवटच्या पायरीवरचे आहे, आणि तिशी-पस्तिशीच्या बाईला तर फार विचाराने करायचे. ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ हे आपल्याकडचे नेहमीचे बोलणे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे सारे परिणाम एकदम येतात : अंगातून वाफा निघणे, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा वाढता धोका. बीजकोश ठेवले तरी अनेकींची पाळी जाण्याची वेळ अलीकडे येते. म्हणून पिशवी काढायची ठरलीच, तर बीजकोश ठेवणार ना, हे आधी विचारून घ्या.

न विचारल्याने काय होते ते महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले. २०१९ मध्ये तिथे ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती दाखवल्याच्या, पाळीमुळे मजुरीचा खाडा नको म्हणून त्यांनीही होकार दिल्याच्या हकिगती तेव्हा समोर आल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या अशा ऑपरेशनांवर देखरेख ठेवण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असे सांगितले. आपल्या भागातूनही माणसे मजुरीला बाहेर जातातच. खाड्याची भीती इथेही तीच आहे.

दुसरा प्रश्न सहीचा. दिल्लीतील एका महिलेने १९९५ मध्ये फक्त दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलेत असताना तिच्या आईची सही घेऊन तिची पिशवी आणि बीजकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला की तपासणीची संमती ही पिशवी काढण्याची संमती होत नाही, आणि सज्ञान बाई शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकते तेव्हा आईची सही पुरत नाही. जीव वाचवण्याची घाई असेल तेवढाच अपवाद. गाठ काढताना रक्त आवरले नाही तर पिशवी काढावी लागू शकते, हे क्वचित घडते, म्हणून ते आधी बोलून घ्यावे आणि कागदावर लिहून घ्यावे. नवऱ्याशी, सासूबाईंशी मसलत करावी, ती चांगलीच गोष्ट. पण शरीर तिचे आहे, समजून घेऊन सही तिनेच करायची आहे. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत, उर्दूत वाचून दाखवायला सांगा.

धरणगावहून निघण्यापूर्वी

धरणगावहून जळगाव जवळ. एरंडोल-पारोळ्यावरून धुळे त्याहून लांब, आणि रेल्वेने सुरतही गाठता येते. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याहून जुने. पहिल्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले तर दुसरे मत घ्यायला इथे जाता येते. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. सर्व जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा, पाळीची वही त्यात ठेवा.

खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. आपल्या ऑपरेशनचे नाव सांगून विचारा : योजनेत हे बसते का, आणि गाठ काढण्याचे बसते की फक्त पिशवी काढण्याचे? पैसे कशाला मिळतात यावरून ऑपरेशन ठरू नये.

डॉक्टर बाईच हवी, असे वाटत असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. सुमारे हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-झहरावींनीही आपल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथात स्त्रियांवर शस्त्रक्रिया करताना जाणकार बाईची मदत घ्यायला सांगितले होते. बाई डॉक्टर मिळाली नाही तर परिचारिका किंवा घरची बाई सोबत राहील, हे मागून घेता येते. पण त्यासाठी उपचार वर्षानुवर्षे लांबणीवर टाकू नयेत.

खोलीत गेल्यावर गडबड होते, म्हणून हे प्रश्न लिहून न्या :

गाठ कुठे आहे, किती आहेत?
काही न करता थांबले तर काय होईल?
औषधाने किंवा आत बसवायच्या साधनाने भागेल का?
गाठ काढणार की पिशवी? पिशवी काढणार तर का?
दुर्बिणीने होईल का? अशी किती ऑपरेशने आपण केली आहेत?
बीजकोश ठेवणार ना?
माझे हिमोग्लोबिन किती आहे, आधी वाढवता येईल का?

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि घरी परतल्यावर तिला विश्रांती द्या. भाकरी कोण थापणार, मुलांचे कोण पाहणार, हे ऑपरेशनच्या तारखेआधी ठरवा. भाभी, नणंद, फुफी, कोणीतरी पंधरा दिवस येऊन राहील असे पाहा, आणि घरातल्या मुलांनी व पुरुषांनीही पाणी भरायला, धुणे वाळत घालायला हात लावावा. लहान छेदांचा फायदा तिला तेव्हाच मिळेल.